तिसऱ्या लढतीत पकड का सुटते? ज्युदो खेळणाऱ्या मुलींच्या हातांची नेहमीची तक्रार

"ताई, बोटंच ऐकेनात बघा."

तिसरी लढत हरून मॅटवरून उतरलेल्या मुलीनं हे सांगितलं तेव्हा तिच्या हातात पाण्याची बाटली होती. झाकण फिरवायची धडपड चालली होती, पण अंगठा झाकणावरून नुसता घसरत होता. शेवटी तिनं झाकण दातांत धरलं. मी बाटली घेतली आणि उघडून दिली. याच मुलीनं सकाळी पहिल्या लढतीत समोरचीला दीड मिनिटात पाठीवर टाकलं होतं. दुसरी लढत गोल्डन स्कोअरमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा वेळेत गेली, तीही जिंकली. तिसरीत मात्र पहिल्या मिनिटानंतर हिनं धरलेली बाही समोरचीनं झटकली की हिचा हात सुटायचा. पुन्हा धरायची, पुन्हा सुटायचा. दोन शिदो, म्हणजे दंड, पडले आणि मग थ्रो बसला.

बेळगावच्या आसपासच्या खेड्यांत मुलींना ज्युदो शिकवताना ही तक्रार दर हंगामाला माझ्यासमोर येते. खानापूरकडची मुलगी असो की निपाणीकडची, शब्द थोडे बदलतात, दुखणं तेच. पहिल्या लढतीत वाघीण, तिसरीत हात लाकडासारखे. आपल्या मुली कुठं कमी आहेत असं नाही. तुरमुरीच्या मालप्रभा जाधवनं २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये कुराशच्या ५२ किलो गटात कांस्यपदक आणलं. कुराश हाही कपडा धरून खेळायचाच खेळ. म्हणजे याच मातीतल्या हातांना हे जमतं. मग आमच्या मुलींचं नेमकं बिघडतं कुठं, हे शोधायला मला बरीच वर्षं लागली. तुमची तेवढी वर्षं जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी मी काय चुकीचं केलं

मी सरळ हिशोब लावला होता: पकड सुटते म्हणजे हातात जोर कमी. मग रबरी बॉल दाबणं, स्प्रिंगचे हँड ग्रिपर, ओला टॉवेल पिळणं सुरू केलं. मुली इमानेइतबारे करायच्या. ओळखीच्या एकाकडून मुठीचा जोर मोजायचा डायनॅमोमीटर आणून मोजलंही. आकडे वाढले. तिसऱ्या लढतीतली गत मात्र तीच राहिली.

ज्युदोपटूंवर जे अभ्यास झाले आहेत त्यांतही हेच दिसतं. वरच्या पातळीवरच्या खेळाडूचा एकदाच मूठ आवळण्याचा जोर खालच्या पातळीवरच्या खेळाडूपेक्षा फार जास्त असतोच असं नाही. फरक पडतो तो ही मूठ किती वेळ आणि किती वेळा आवळता येते यात. मी वाढवत होते एक आणि मॅटवर लागत होतं दुसरंच.

डोळे उघडले ते गोठ्यात. त्याच मुलीच्या घरी एकदा संध्याकाळी गेले होते. दोन म्हशी, दोन्हींची धार हीच काढायची, सकाळ-संध्याकाळ. गुडघ्यांत बादली धरून बसली आणि गप्पा मारत मारत पंधरा-वीस मिनिटं हात चालवत राहिली. आधी वरचं बोट आवळायचं, मग मधलं, शेवटी करंगळी, की लगेच मूठ सैल. पुन्हा तेच. बादली भरली तरी हात अवघडले नाहीत.

मी विचारलं, "धार काढताना मूठ आवळून किती वेळ धरतेस गं?"

ती हसली. "आवळून धरली तर दूध कुठनं येईल ताई? सोडायला लागतंय की."

हाच हात मॅटवर गेला की चार मिनिटं सोडतच नव्हता.

आत काय होतं

बोटं मिटणारे स्नायू बोटांत नसतात, ते कोपराच्या खाली, फोरआर्ममध्ये असतात. तिथून लांब दोऱ्यांसारखे कंडरे बोटांच्या टोकापर्यंत येतात. स्नायू जोरात आवळून तसाच धरून ठेवला की आतला दाब वाढतो आणि त्यातल्याच रक्तवाहिन्या दाबल्या जातात. साधारण निम्म्याहून जास्त जोर लावून धरलं तर रक्त पुरेसं आत येत नाही, प्राणवायू कमी पडतो, टाकाऊ पदार्थ साचतात. फोरआर्म दगडासारखा होतो तो यामुळे. सैल सोडलं की रक्त धावत आत येतं. ती सैल वेळ दोन सेकंदांची असली तरी उपयोगी पडते. धार काढणाऱ्या हाताला ही सैल वेळ दर पिळीनंतर मिळते.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण "बायकांच्या हातात जोर नसतो" हे मी अजूनही ऐकते. स्वतःच्या पूर्ण ताकदीच्या ठरावीक टक्क्यानं धरून ठेवायचं असेल तर बायकांचे स्नायू बहुतेक वेळा पुरुषांपेक्षा उशिरा थकतात. पण त्यासाठी जोर त्या टक्क्यात राहायला हवा. हात लहान, ज्युदोच्या ड्रेसची कॉलर जाडजूड, त्यात भीती. मग मुलगी शंभर टक्के जोर लावून बसते आणि तिला मिळालेला हा फायदा वाया जातो.

तुमच्याकडे कुठं बिघडतंय ते असं तपासा

जुना ज्युदोचा कोट बारवर टाका. मुलीनं दोन्ही बाजू धरून, कोपरं वाकवून, हनुवटी बारच्या पातळीत ठेवून लटकायचं. हात सरळ व्हायला लागले की घड्याळ थांबवा. तीन मिनिटं विश्रांती, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा वहीत लिहा.

पहिलीच वेळ कमी असेल तर खरंच जोर कमी आहे. तिथं ग्रिपर, दोरी चढणं, वजन उचलणं कामाचं. पहिली चांगली आणि तिसरी निम्म्यावर आली तर हात भरून निघत नाही, दम कमी आहे. आमच्या या मुलीची पहिली वेळ ३४ सेकंद होती, तिसरी १३. बॉल दाबून ती ३४ ची ३८ झाली असती, तिसरीला काय फरक पडणार होता? आणि तिन्ही वेळा चांगल्या येऊनही लढतीत हात सुटत असेल तर दोष पकडीच्या पद्धतीत, वजनात किंवा पायांत शोधा.

पायांत कसा? त्यासाठी ज्युदोतली एक जुनी चाचणी आहे, स्पेशल ज्युदो फिटनेस टेस्ट. सारख्या वजनाच्या दोन जोडीदारणी ६ मीटर अंतरावर उभ्या करायच्या. खेळाडू मधोमध. पळत जाऊन एकीला इप्पोन सेओई नागे (खांद्यावरून टाकायचा डाव) मारायचा, मग दुसरीला, असं १५ सेकंद, मग ३० सेकंद, पुन्हा ३० सेकंद, मध्ये दहा-दहा सेकंद थांबा. संपल्या संपल्या नाडीचे मिनिटाचे ठोके घ्यायचे, एका मिनिटानंतर पुन्हा घ्यायचे, दोन्हींची बेरीज करून एकूण थ्रोंनी भागायचं. उत्तर जितकं लहान तितकं बरं. दर दीड-दोन महिन्यांनी घेत राहिलं की मुलीची स्वतःशी तुलना करता येते. हा आकडा खराब असेल तर पाय आणि श्वास आधी संपतात, मग मुलगी समोरचीच्या कॉलरला लोंबकळून उभी राहते, आणि दोष हातांवर येतो.

आता मनगट. हे वाचता वाचता करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वळवा आणि मूठ आवळा. आवळत नाही. आता मनगट किंचित मागं घ्या आणि आवळा. हा फरक मॅटवर दर सेकंदाला पडतो. थकलेली मुलगी मनगट आत वळवून बाही ओढते, म्हणजे जिथं जोर सगळ्यात कमी तिथंच सगळ्यात जास्त मागते.

कुस्तीतून आलेल्या मुलींचं वेगळं

आपल्या भागात तालमीची परंपरा मोठी, त्यामुळे बऱ्याच मुली कुस्तीतून ज्युदोत येतात. त्यांची कंबर आणि मान उत्तम असते, पण हाताला सवय मनगट, दंड, मान धरायची. कपडा धरायची नव्हे. अंग धरताना पूर्ण पंजा गच्च लागतो. कापड धरताना करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट काम करतात. अंगठा आणि पहिलं बोट जवळजवळ सैल असतं. कुस्तीवाली मुलगी पाचही बोटांनी बाही चिरडते आणि दोन मिनिटांत हात थकवून बसते.

शिवाय अडचण आली की तिला पट काढावासा वाटतो. ज्युदोत २०१० पासून थेट पाय धरायला बंदी आली आणि २०१३ पासून उभ्या लढतीत कमरेखाली हात लावणंच बंद झालं. तेव्हापासून सगळा खेळ बाही आणि कॉलरवर येऊन थांबला, म्हणजे हातांवरचा भार वाढला. कुस्तीच्या वस्तादांनी हे लक्षात घेऊन अशा मुलींना पहिले दोन महिने फक्त कपड्याची पकड शिकवायला द्यावी, असं मला मनापासून वाटतं. त्या मुली फार लवकर पुढं जातात, पण हा टप्पा गाळला की तिथंच अडकतात.

आम्ही बदललं ते

रांदोरीत, म्हणजे सरावाच्या मोकळ्या लढतीत, मी मोठ्यानं "धर" आणि "सोड" म्हणायला लागले. "सोड" म्हणजे पकड सोडून द्यायची नाही. बोटं कापडावरच ठेवायची, फक्त जोर काढायचा, कोपर खाली आणि अंगाजवळ आणायचं, समोरचीचं वजन पाठीनं आणि पायांनी पेलायचं. "धर" म्हटलं की करंगळीपासून आवळायचं आणि त्याच क्षणी हल्ला करायचा. सुरुवातीला मुली घाबरायच्या, सैल केलं की समोरची टाकेल म्हणून. काही वेळा टाकलंही. तीन-चार आठवड्यांत कळायला लागलं की समोरचीनं पाऊल उचललेलं नसताना आवळून काहीच मिळत नाही.

पकडल्यावर हल्ला न करता नुसतं धरून ठेवण्याची सवय दोन्हीकडून मारते: हात थकतात आणि निष्क्रियतेचा शिदो पडतो. तीन शिदो झाले की लढत गेली. म्हणून आमचा नियम, चांगली पकड मिळाल्यावर तीन-चार सेकंदांत काहीतरी केलंच पाहिजे. हल्ला फसला तरी त्या झटापटीत हात मोकळा होतो.

रेफ्रीनं "माते" (थांबा) म्हटलं की उठून जागेवर परत येईपर्यंत हात खाली सोडून झटकायचे, बोटं पूर्ण उघडायची. ड्रेस नीट करण्यात वेळ जातो त्यातही बोटं आवळलेली ठेवू नका. एका लढतीत हे पाच-सहा वेळा मिळतं. आमच्या मुली तो वेळ मुठी वळून, दात खाऊन काढायच्या.

वरच्या पातळीवर ही काटकसर किती लागते ते टोकियो ऑलिंपिकमध्ये दिसलं. ७० किलो गटाची उपांत्य लढत, जपानची चिझुरू अराई आणि रशियन संघाची मादिना ताइमाझोवा. चार मिनिटांची लढत गोल्डन स्कोअरमध्ये लांबत १६ मिनिटं ४१ सेकंदांवर गेली. इतका वेळ बाही-कॉलरची ओढाताण झाल्यावरही अराईच्या हातात जमिनीवर गळा आवळून लढत संपवण्याइतका जोर उरला होता. त्याच दिवशी तिनं सुवर्ण घेतलं आणि ताइमाझोवानं कांस्य. मी मुलींना ही लढत दाखवते तेव्हा चेहऱ्यांकडे बघू नका, बोटांकडे बघा म्हणते.

सरावात बाकी फार काही वाढवलं नाही. आठवड्यातून दोनदा कोटाला लटकणं, पण आता एका दमात नाही. दहा सेकंद लटकायचं, दहा सेकंद उतरायचं, आठ वेळा. दोरीचा मल्लखांब जिथं शिकवतात तिथं मुलींना जरूर पाठवा, कपड्याच्या पकडीच्या इतक्या जवळचा दुसरा व्यायाम मला माहीत नाही. वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन उचलून चालणं. आणि जे सगळे विसरतात ते: बोटं उघडणाऱ्या स्नायूंचा व्यायाम. पाचही बोटांभोवती जाड रबर बँड घालून बोटं फाकवायची. मिटणारेच स्नायू वाढवत राहिलं तर कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखणं सुरू होतं.

स्पर्धेआधीचे चार-पाच दिवस हातांचा जड व्यायाम पूर्ण बंद. यात घरचं कामही आलं. सुगीच्या दिवसांत मुलगी दिवसभर भात कापून संध्याकाळी सरावाला येते आणि आपण तिला दोरी चढायला लावतो, हे मीही केलंय. आता आधी विचारते, आज शेतात काय केलंस? त्या मुलीच्या भावाला मी स्वतः जाऊन सांगितलं, स्पर्धेच्या आदल्या दिवसापासून धार तू काढायची. त्यानं मान्य केलं, म्हैस मात्र दोन दिवस रुसली होती म्हणे.

वजन, रक्त आणि दोन लढतींमधला वेळ

हाताचे सगळे उपाय करूनही फरक पडेना तर ताटात आणि तराजूवर बघा. ५७ च्या गटात बसायला दीड-दोन किलो उतरवायचे म्हणून मुली रात्री जेवत नाहीत, पाणी बंद करतात, स्वेटरवर रेनकोट घालून पळतात. त्यानं वजन उतरतं ते पाण्याचं. पहिली लढत अंगातल्या शिदोरीवर निघते, तिसरीला शिदोरी संपते. वाढत्या वयाच्या मुलीला वरच्या गटात खेळवा. एखादं पदक हुकलं तर हुकू दे.

सतत थकवा, जिना चढताना धाप, नखं फिकट असं दिसलं तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. मोठ्या मुलींत ते १२ च्या खाली असेल तर रक्तक्षय धरतात. पाळीत रक्तस्राव जास्त असणाऱ्या मुलींकडे विशेष लक्ष द्या, आणि पाळी काही महिने बंद झाली असेल तर "खेळामुळे होतं" म्हणून सोडून देऊ नका. अंगाला खाणं कमी पडतंय याची ती खूण असू शकते. हे बोलायला मुली लाजतात. आपणच सहजपणे विचारायचं, आईसमोर विचारलं तर अजून बरं.

मोठ्या स्पर्धांत दोन लढतींमध्ये किमान दहा मिनिटं मिळतात. त्यात मोबाइल हातात देऊ नका, तोही पकडावाच लागतो. पहिली दोन-तीन मिनिटं चालत राहायचं, हात सैल सोडून हलवायचे, फोरआर्म मनगटाकडून कोपराकडे हलक्या हातानं चोळायचा. मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घोट घोट, वेळ जास्त असेल तर केळं. बेळगावच्या डिसेंबरात सकाळी हॉल थंडगार असतो. गार स्नायूला जोर येत नाही, तेव्हा लढतीआधी हात गरम कपड्यात ठेवा.

टेपचंही बघा. बोटाला टेप सांध्याच्या वर-खाली, आडवी-तिरपी फिरवायची, सांधा वाकला पाहिजे. नख दाबून सोडल्यावर लगेच गुलाबी झालं नाही तर टेप फार घट्ट आहे. एकदा मी एका मुलीचं हात लवकर जड होण्याचं कारण आठवडाभर शोधत होते, आणि ते निघालं चार बोटांवरच्या घट्ट टेपमध्ये.

फोरआर्म लढतीनंतर अर्धा तास झाला तरी टणक राहतो, बोटांत मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन जाग येते, किंवा एखादं बोट सुजून पूर्ण मिटत नाही, असं काही असेल तर व्यायाम थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. हळद-चुना लावून सराव चालू ठेवल्यानं कायमची वाकडी झालेली बोटं मी पाहिली आहेत.

त्या मुलीची तिसरी वेळ आता १३ वरून २४ सेकंदांवर आली आहे. गेल्या स्पर्धेत ती चार लढती खेळली आणि चौथ्या लढतीनंतर बाटली तिनं स्वतः उघडली. हरली ती डावखुऱ्या मुलीकडून. डावखुरी समोर आली की बाही लांब जाते, हातात येत नाही, आणि बराच वेळ एकट्या कॉलरच्या हातावर झुंजावं लागतं. तो एक हात दुसऱ्याच्या आधी संपतो. सध्या आठवड्यातले दोन दिवस सगळ्या मुलींना डाव्या बाजूनं खेळायला लावते आहे, आणि कोटाला लटकताना एका हातात कॉलर, दुसऱ्या हातात बाही देते. तुमच्याकडे डावखुरी मुलगी असेल तर तिला घेऊन एखाद्या रविवारी सरावाला या, आमच्या मुलींना तिची फार गरज आहे.